फावल्या वेळची लेस

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



कार्यवाहबाईंनी मला लेसविषयी दहा मिनिटे बोला असे सांगितले, तेव्हा मी सरळ नाही म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. हातात सुई असली की मला बोलता येते, सुई खाली ठेवली की जीभही गप्प होते. त्यावर त्या म्हणाल्या, "मग सुई घेऊनच उभ्या राहा." म्हणून ही आणली आहे. बोलता बोलता माझे दोन खांब विणून झाले तर रागावू नका.

सातवीची परीक्षा झाली आणि माझी शाळा सुटली. आठवीचा वर्ग शेजारच्या गावी, आणि घरात पाठची तीन भावंडे. त्या उन्हाळ्यात मी फार रडले असेन, कारण शेजारच्या काकूंनी एक दिवस मला बोलावून क्रोशाची सुई आणि दोऱ्याचा गोळा हातात दिला. आधी साखळी, मग मुका खांब, मग खांब. एक खांब चुकला तरी काकू दोन ओळी उसवायला लावत. "आत्ता दिसत नाही म्हणून सोडू नकोस, धुतल्यावर दिसेल," असे म्हणत. हे अगदी खरे आहे. नवी लेस सगळे झाकते, पहिल्या धुण्यात सगळे उघडे पडते. त्या विद्येवर मी पुढे माहेरी दाराचे तोरण, टीव्हीवरचा रुमाल आणि माझ्याच रुखवतातले निम्मे सामान विणले.

परंतु लेस म्हणजे क्रोशाच, असे मी चाळिशी येईपर्यंत समजत होते. माझी पुतणी कॉलेजात जाते. तिने पुस्तके आणली, जिथे इंग्रजी होते तिथे अर्थ सांगितला, आणि मला कळले की क्रोशा ही या घरातली धाकटी सून आहे. तिच्या आधीच्या दोन जावा फार मानाच्या.

पहिली सुईची लेस. चामड्यासारख्या जाड कागदावर नक्षी काढायची, तिच्या रेघांवर दोरे टाचायचे, आणि साध्या शिवणाच्या सुईने आपण काजाला घालतो तसले टाके त्या दोऱ्यांवर घालत मधली जागा भरायची. शेवटी कागदाला धरणारे टाके कापले की कागद निराळा आणि लेस निराळी. खाली कापड नाही, काही नाही. दुसरी बॉबिनची लेस. तिला एक घट्ट भरलेली उशी लागते. उशीवर नक्षीचा कागद, कागदाला भोके, भोकांत टाचण्या. दोऱ्याचे एकेक टोक एकेका लाकडी बॉबिनला गुंडाळलेले, आणि त्या बॉबिनी जोडीजोडीने एकमेकींवरून टाकत जायचे. तुम्ही शिमग्यात किंवा शाळेच्या गॅदरिंगमध्ये गोफ पाहिला असेल. वरून दोऱ्या टांगलेल्या, आणि मुली एकमेकींना चुकवत फेर धरतात तसा गोफ विणला जातो. बॉबिनची लेस म्हणजे उशीवरचा गोफ. फरक इतकाच, की इथे नाचणाऱ्या मुली चाळीस, साठ, कधी शेकड्यांनी असतात आणि त्या सगळ्यांना नाचवणारे हात दोनच.

या दोन्ही लेसा इटलीत आणि फ्लँडर्समध्ये, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या बाजूला, सोळाव्या शतकात वाढल्या. व्हेनिस शहरात १५५७ साली बॉबिन लेसच्या नक्ष्यांचे छापील पुस्तक निघाले होते. पुढे राजेरजवाड्यांना लेसचे एवढे वेड लागले, की फ्रान्सचा पैसा व्हेनिसकडे वाहू लागला. तेव्हा राजाचा मंत्री कोल्बेर याने १६६५ साली लेसचे सरकारी कारखाने काढले, आणि व्हेनिसहून विणणाऱ्या बायका बोलावून घेतल्या. दोन राज्ये बायकांच्या बोटांसाठी भांडली! आपल्या बोटांसाठी घरात भांडण होते ते फक्त पोळ्या कोणी लाटायच्या यावरून.

फ्रान्समधल्या त्या गावांपैकी आलाँसाँ या गावची सुईची लेस आजही विणली जाते, आणि युनेस्कोने २०१० साली तिला जगाच्या वारशात घेतले. तिच्याविषयी एक गोष्ट वाचली आणि मी पुतणीला पुन्हा वाच म्हटले. एक चौरस सेंटिमीटर लेस करायला सात तास लागतात. एक चौरस सेंटिमीटर म्हणजे आपल्या कपाळावरची मोठी टिकली. एवढ्याशा तुकड्याला सात तास! आणि हे काम पुरते हाती यायला सात ते दहा वर्षे शिकावे लागते.

माझ्या डोक्यात त्या दिवसापासून ते तास बसले. त्यांचे पुढे काय झाले ते शेवटी सांगते.

लेस अंगावर घालणाऱ्यांची नावे सगळ्या पुस्तकांत आहेत. व्हिक्टोरिया राणीने १८४० साली लग्नात हॉनिटन लेस वापरली, म्हणून त्या लेसला नाव मिळाले. ती विणायला दोनशेहून जास्त बायका काही महिने बसल्या होत्या. त्यांची नावे काही कोणी सांगत नाही. इंग्लंडच्या मधल्या भागात तर लेसच्या शाळा होत्या. शाळा म्हणायचे एवढेच. पाचसहा वर्षांची पोर उशीपुढे बसवायची, आणि टाचण्या मोजण्याची गाणी म्हणत ती दिवसभर विणायची. संध्याकाळी एका मेणबत्तीभोवती पाण्याने भरलेले काचेचे गोळे ठेवत, म्हणजे उजेड गोळ्यातून एकवटून प्रत्येकीच्या उशीवर पडावा. एका मेणबत्तीत अनेक जणी! हे वाचताना मला आमच्या काकूंचा कंदील आठवला. त्यांचे डोळे पन्नाशीतच अधू झाले होते.

मग यंत्र आले. जॉन हीथकोट नावाच्या माणसाने १८०९ साली बॉबिनच्या जाळीचे यंत्र केले. यंत्राने पोट जाईल या भीतीने लोकांनी १८१६ साली त्याचा कारखाना फोडला, तेव्हा तो दुसऱ्या गावी गेला. हाताच्या लेसचे भाव पुढे पडत गेले. त्यात कोणाचा दोष, हे मला ठरवता येत नाही. माझ्या मुलीच्या ओढणीची लेस यंत्राचीच आहे आणि ती छान दिसते.

आता धाकटी सून, म्हणजे आपली क्रोशा. तिची गोष्ट राजवाड्यातली नाही, दुष्काळातली आहे. आयर्लंडमध्ये १८४५ साली बटाट्यावर रोग पडला. गरिबांचे सगळे जेवण त्या बटाट्यावर होते. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि साथीने मेली, आणि तितकीच देश सोडून गेली. तेव्हा मठातल्या जोगिणींनी आणि पाद्र्यांच्या बायकांनी गावच्या बायकांना क्रोशा शिकवली. क्लोन्स नावाच्या गावी १८४७ साली कॅसांड्रा हँड या पाद्रीणबाईंनी असेच काम सुरू केले. क्रोशाच का? कारण सुईच्या लेसपेक्षा ती पुष्कळ लवकर होते, आणि साहित्य म्हणजे एक आकडी सुई आणि सुती दोरा. गुलाब, पाने, तीन पानी गवत असे सुटे तुकडे एकेकीने करायचे, आणि मग ते जाळीने जोडायचे. त्या तुकड्यांवर घराघरात चूल पेटली.

अशीच ही विद्या पाद्रीणबाईंच्या हातून आपल्या देशात आली. नागरकोइलला मार्था मॉल्ट बाईंनी मुलींच्या शाळेत बॉबिनची लेस शिकवली, तो काळ १८२० च्या पुढचा. आंध्रात गोदावरीच्या मुखाशी नरसापूर आहे. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास स्कॉटलंडहून आलेल्या मिशनरी नवराबायकोने लेस शिकवली, असे सांगतात. ती नरसापूरला इतकी रुजली, की आसपासच्या खेड्यांतून घरोघरी बायका क्रोशा घेऊन बसू लागल्या आणि माल परदेशी जाऊ लागला. २०२४ साली नरसापूरच्या लेसला सरकारचे भौगोलिक नामांकनही मिळाले, जसे आपल्या पैठणीला आहे.

नरसापूरविषयी मारिया मीस या जर्मन बाईंनी एक पुस्तक लिहिले, ते १९८२ साली निघाले. त्या स्वतः तिथल्या बायकांत जाऊन राहिल्या. पुतणीने त्यातला काही भाग मला वाचून दाखवला आणि मी विणकाम मांडीवर ठेवून ऐकत राहिले. दलाल दोरा देतो, बायका घरी बसून फुले करतात, दुसऱ्या बायका ती जोडतात, दलाल नेतो, व्यापारी परदेशी पाठवतो. घरचे सगळे आवरून शिवाय दिवसाचे सहा ते आठ तास लेस. आणि हातात काय पडे? दिवसाला एक रुपयासुद्धा नाही. त्याच गावच्या शेतात मजुरीला जाणाऱ्या बायकांना याहून जास्त मिळत होते. परंतु लेसवाल्या बायका शेतात जात नसत. आम्ही घरात असतो याचा त्यांना अभिमान होता, आणि व्यापाऱ्यालाही तेच सोयीचे होते. त्या कामकरी नव्हेत, गृहिणी आहेत. आणि लेस हे काम नव्हे, फावला वेळ आहे. फावल्या वेळाला मजुरी कसली?

मैत्रिणींनो, हे वाक्य मी आधी ऐकले होते. पुस्तकात नव्हे, दुकानात.

काही वर्षांपूर्वी आमच्या ह्यांचे काम सुटले. सात महिने घरी होते. तेव्हा तालुक्याच्या एका दुकानासाठी मी साडीच्या काठाला लावायची लेस विणून दिली. दोरा त्यांचा, मीटरला बारा रुपये. एका मीटरला मला दीड तास लागे. रात्री सगळे निजल्यावर मी घड्याळासमोर बसून मोजले होते. म्हणजे तासाला आठ रुपये. एकदा धीर करून म्हटले, "भाऊ, मीटरला वीस तरी द्या." तो मनुष्य वाईट नव्हता, हसतच म्हणाला, "ताई, तुम्ही टीव्ही बघता बघता विणता. त्याचे वेगळे पैसे कशाला?" मला उत्तर सुचले नाही. मी लेस तिथे ठेवली, पैसे घेतले आणि एस.टी.त बसून घरी आले. वाटभर मला वाटत राहिले की त्याचे बरोबर असेल. मी विणताना टीव्ही चालू असतो खरा. पण बघायला मान वर केली की टाके चुकतात, हे त्याला कोण सांगणार! त्या पैशांतून धाकट्याच्या वह्या आल्या, एवढे मात्र झाले.

छंद म्हणून विणण्यात जे सुख आहे त्याला मी नावे ठेवत नाही. उलट, आलाँसाँच्या बायका किंवा स्लोव्हेनियातल्या इद्रिया गावच्या बायका पाहा. इद्रियाला पाऱ्याची खाण होती, आणि खाणकामगारांच्या बायका घरखर्चाला हातभार म्हणून बॉबिन लेस विणत. तिथे १८७६ साली लेसची शाळा निघाली. खाण केव्हाच बंद झाली, शाळा मात्र आजही चालू आहे आणि मुले हौसेने तिथे शिकतात. मला तसे सुख नेहमी मिळते. माझी जाऊ वारली त्या महिन्यात मी अन्न शिजवत होते आणि विणत होते, तिसरे काही मला करता आले नाही. त्या रुमालाची किंमत मी कधी करणार नाही आणि तो कोणाला विकणारही नाही. परंतु जे विकायला ठेवायचे, त्याचे तास लपवायचे का, एवढाच माझा प्रश्न आहे.

आता आपल्या घरची गोष्ट. बाहेर मंडळाच्या विक्रीच्या टेबलावर पांढरा टेबलक्लॉथ आहे, तो माझा. मागच्या सभेत आपण त्याची किंमत सहाशे ठरवली. "बाहेर यंत्राचा चारशेला मिळतो, आपण फार मागू नये," असे दोघीतिघींनी म्हटले. मीही मान हलवली. घरी आल्यावर मात्र हिशेब मांडून बसले. त्यात ४९ फुले आहेत. एका फुलाला दीड तास, म्हणजे साडेत्र्याहत्तर तास. जोडायला बारा तास आणि कडेला नऊ. एकूण साडेचौऱ्याण्णव तास. दोऱ्याला तीनशे चाळीस रुपये गेले, ते माझ्याच पिशवीतून. उरले दोनशे साठ. म्हणजे तासाला तीन रुपयेसुद्धा नाहीत. त्या दुकानदाराने मला आठ दिले होते. आपण सगळ्या बायकांनी मिळून मला तीनही दिले नाहीत, आणि मान मीही हलवली होती.

म्हणून आज सकाळी अध्यक्षीणबाईंना विचारून मी किमतीची चिठ्ठी बदलली. आता तिच्यावर तीन हजार लिहिले आहे, आणि खाली बारीक अक्षरात तास. कोणी घेतला नाही तर मी तो घरी नेईन. त्याचे मला वाईट वाटेल, पण लाज वाटणार नाही. शेजारी सुलभावहिनींची टॅटिंगची कड आणि लताकाकूंचे तोरण आहे. त्यांच्या चिठ्ठ्या मी बदललेल्या नाहीत, त्यांचे तास त्यांनीच सांगायचे.

ज्यांना शिकायचे असेल त्यांनी गुरुवारी दुपारी तीन वाजता मंडळात यावे. चाळीस नंबरचा पांढरा दोरा, बारीक तोंडाची सुई आणि एक वही आणा. वही नक्षीसाठी नाही. बसलो किती वाजता आणि उठलो किती वाजता, ते लिहायला.

माझे दहा मिनिटांचे वीस झाले आहेत, आणि खांब मात्र चारच.