खरं कशावरून?



2025च्या जुलैमधली गोष्ट. सातवीच्या वर्गात शिरलो, तर पोरं हमरीतुमरीवर आलेली. शिवरायांचे किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्याचा मेसेज घरोघरी पोचला होता. निम्मा वर्ग म्हणे खरं, निम्मा म्हणे थाप. मी काही बोलणार तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, युनेस्कोनं 'जन गण मन'ला जगातलं सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवलं, असं तुम्हीच पाठवलं होतं की. माझी ताई म्हणते, ते खोटं आहे."

पाठवलं होतं खरं. पंधरा ऑगस्टला, पालकांच्या ग्रुपवर, तीन झेंडे लावून.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले सरांनी पुस्तकातल्या धड्यांना क्यूआर कोड जोडले आणि 2020 साली त्यांना 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळालं, हे आपण जाणताच. पण त्या कोडमागे काय असावं, ते कुणा शिक्षकानं निवडलेलं असतं. रात्री आजोबांच्या फोनवर येऊन पडतं, ते कुणी निवडलेलं असतं?

त्या दिवशी भूगोलाचा तास बाजूला ठेवला. फळ्यावर लिहिलं : कोण म्हणतं? कुठे म्हटलंय? कधी? शाळेतला एकुलता एक लॅपटॉप काढला. सुदैवानं वीज होती. मेसेज कितीही जणांनी पाठवलेला असो, मूळ यादी उघडायची, एवढंच ठरवलं. किल्ले सापडले. बारा. त्यांतले अकरा महाराष्ट्रात आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी! "तिकडे कसा काय आपला किल्ला?" म्हणून पोरं चक्रावली, आणि राजाराम महाराज जिंजीला का गेले, हा इतिहास मला आयता शिकवायला मिळाला. एकीनं विचारलं, "सिंहगड का नाही?" मला ठाऊक नव्हतं. तसं सांगितलं. प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला. पुसायचा नाही म्हणून त्याला चौकट केली.

राष्ट्रगीताचं मात्र कुठेच काही मिळेना. एक पोरगा म्हणाला, "सापडलं नाही म्हणजे खोटंच, असं कुठंय?" प्रश्न बिनतोड होता. बराच खल झाल्यावर वर्गानंच तोड काढली : एवढी मोठी बातमी, आणि जाहीर करणाऱ्याच्याच घरी तिचा पत्ता नाही, तर आपण ती पुढे ढकलायची नाही.

आता दर शनिवारी पोरं एकेक मेसेज वहीत उतरवून आणतात आणि आम्ही तो वर्गातच तपासतो. मोबाइलवर करायचा गृहपाठ मी बंद केलाय. घरात फोन एक, तोही वडलांबरोबर रानात. ज्याच्या हाती फोन, त्याचाच अभ्यास पुरा, हे मला पटेना. (निबंध तर सगळ्यांचे स्वल्पविरामासकट सारखे यायचे, ते वेगळंच.)

त्या संध्याकाळी ग्रुपवर लिहिलं : राष्ट्रगीताचा मेसेज चुकीचा होता, चूक माझी. झेंडे लावले नाहीत. दहा मिनिटांत एका आजोबांचं उत्तर आलं : "असू द्या गुरुजी, आपलंच भारी आहे. त्याला युनेस्को कशाला पाहिजे?"

याचं मूळ शोधा, असं मी पोरांना अजून सांगितलेलं नाही.