सायकलवरून नाशिकचा वाइन पट्टा: ग्लास उचलायच्या आधी काय बघाल?

वडवणीहून बोलतोय. आजचा भाग फिरण्याचा आहे. नाशिकचा वाइनचा पट्टा सायकलवरून कसा बघायचा, आणि आपल्यासारख्या ऊसतोडीच्या तालुक्यातल्या पोरापोरींनी तिथं नेमकं काय बघायचं, हे दोन्ही सांगतो.

आधी रस्ता. सायकल इथून चालवत न्यायची गरज नाही. पुढचं चाक काढलं की ट्रॅव्हल्सच्या डिकीत बसते, फक्त बुकिंगच्या वेळीच विचारून घ्या. पहिला दिवस गंगापूर रोडचा. शहर मागं पडतं, गोदावरीवरचं गंगापूर धरण जवळ येतं, आणि त्याच भागात सुला, यॉर्क, सोमा अशा वाइनरी आहेत. दुसऱ्या दिवशी दिंडोरी रोड धरा आणि मोहाडीकडं जा. जायचं जानेवारी ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत, कारण तेव्हा तोडणी चालू असते. भल्या सकाळी निघा. पंक्चरचं सामान ठेवा, बाभळीचा काटा टायर बघून येत नाही. ट्रॅक्टरवरचा ब्लोअर फवारणी करत असेल तर थांबा, वारा कुठून येतोय बघा आणि मगच पुढं जा. आणि रस्त्याकडेचा घड विचारल्याशिवाय तोडायचा नाही. ते कुणाचं तरी वर्षभराचं पीक आहे.

आता थोडा इतिहास. सुलाचे राजीव सामंत आपल्याच लाइनचे. अमेरिकेत ओरॅकलमध्ये नोकरी केली आणि परत आले. १९९७ मध्ये त्यांनी घरच्या जमिनीत शेनिन ब्लांक आणि सोव्हिन्यो ब्लांक या वाइनच्या जाती लावल्या. २००० मध्ये पहिली वाइन बाजारात आली. २००१ मध्ये राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, आणि नाशिक जिल्ह्यात विंचूरला, सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क झाले.

आता मुद्द्यावर येतो. कारमधून गेलात तर पार्किंग, टेस्टिंग रूम आणि सेल्फी पॉइंट दिसतो. सायकलवर ताशी पंधराच्या स्पीडनं बाग दिसते, आणि पहिली गोष्ट कळते ती ही की नाशिकच्या बहुतेक बागा वाइनच्या नाहीतच. ती खायची द्राक्षं आहेत. त्यांचा मांडव डोक्यावर पसरलेला असतो, मणी मोठे असतात. वाइनच्या वेली सहसा तारेवर सरळ उभ्या ओळीत असतात, घड खाली लागतात, मणी बारीक, जाड सालीचे आणि बियांचे. रेड वाइनचा रंग त्या सालीतूनच येतो. एवढं लक्षात ठेवलं की सायकल न थांबवताही बाग ओळखता येते.

हा फरक फक्त दिसण्याचा नाही. खायच्या द्राक्षाला गिऱ्हाईक अनेक असतात: एक्स्पोर्ट नाही जमलं तर लोकल मार्केट, तेही नाही तर बेदाणा. वाइनच्या द्राक्षाला गिऱ्हाईक एकच, वाइनरी. बाजारात ते कुणी खायला घेत नाही. म्हणून तिथं करार असतो आणि साखर मोजून माल घेतात. त्याला ब्रिक्स म्हणतात. आपल्याकडं उसाला रिकव्हरी बघतात ना, त्यातलाच प्रकार.

आणि आपल्याला हे लगेच समजायला पाहिजे. ऊससुद्धा कारखान्यानं नाही नेला तर शेतात उभा वाळतो. २००८ नंतर मंदी आली, वाइनची मागणी पडली, तेव्हा नाशिकच्या कित्येक शेतकऱ्यांचा माल कुणी उचलला नाही. त्यांनी वाइनच्या बागा उपटून टाकल्या. वेलीला नीट पीक यायला दोन-तीन वर्षं लागतात. उपटायला एक दिवस पुरतो.

दुसरी गोष्ट माणसांची. सकाळी रस्त्यानं पिकअप भरून मजूर जाताना दिसतील. बरेच जण पेठ, सुरगाणा अशा आदिवासी तालुक्यांतून आलेले असतात. छाटणी, विरळणी, डिपिंग, तोडणी ही सगळी कामं हातानं होतात. टोळ्या एकराच्या हिशोबानं उक्तं काम घेतात. आपल्याकडं नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल आणि दिवाळीनंतर गाव रिकामं. तिथं कोयत्याऐवजी कात्री आहे. हिशोबाची पद्धत वेगळी, पण घर सोडून दुसऱ्याच्या हंगामात राबणं तेच. लेकरांची शाळा दोन्हीकडं मधेच तुटते. आपण पाणी प्यायला थांबलो की हे लोक बोलतात. ‘कुठून आलात?’ म्हणून विचारतात. वडवणी सांगा, ऊसतोड सांगा, मग गप्पा आपोआप सुरू होतात. फक्त फोन बाहेर काढायच्या आधी विचारा.

आपल्याकडं कुणी ना कुणी म्हणतंच, ‘ऊस सोडा, द्राक्ष लावा, वाइनरी आणा.’ द्राक्षाला उसापेक्षा पाणी कमी लागतं, हे खरं. ठिबकवर बाग जगते. पण ऐन मण्यात साखर भरताना अवकाळी आला की खेळ संपतो. म्हणून असं कुणी म्हटलं की तीन प्रश्न विचारा: माल कोण घेणार? नाही घेतला तर दुसरा कोण घेणार? आणि तोडणीला येणाऱ्या माणसांना काय मिळणार? ज्याच्याकडं उत्तरं नाहीत, त्याच्या भरवशावर जमीन गुंतवायची नाही.

राहिलं टेस्टिंग. वयाची अट आहे, ती पाळा. दिवसाचं सायकलिंग संपल्यावरच घ्या, मधे नाही. घोट तोंडात फिरवून थुंकून टाकला तरी चालतं, जाणकार तेच करतात. आणि प्यायचंच नसेल तरी वाइनरीची टूर बघा, टाकीत साखरेचं अल्कोहोल कसं होतं ते कळतं.

कुणी जाऊन आलं तर व्हॉइस नोट पाठवा. बागेत काम करणारं कुणी बोलायला तयार असेल, तर त्यांचा आवाज आधी ऐकवू. भेटू पुढच्या भागात!