दिव्याला कळतं कसं?

जुलै 2018च्या पुरात वसई-विरारमध्ये वीजपुरवठा बंद ठेवावा लागला होता. अशा रात्री जिन्यातला इमर्जन्सी लाइट मोठा आधार. साध्या इमर्जन्सी लाइटला अंधार दिसत नाही, वीज तेवढी कळते. वीज असते तोवर बॅटरी चार्ज होते आणि त्याच विजेच्या जोरावर आतला ट्रान्झिस्टर दिवा बंद ठेवतो. वीज गेली की हा अडसर सुटतो आणि बॅटरीवर दिवा लागतो.

पण त्याला फक्त स्वतःच्याच लाइनची वीज कळते. जिन्याचा एमसीबी पडला आणि हा दिवा दुसऱ्या लाइनवर असला, तर काळोखातही तो गप्पच! म्हणून सोसायट्यांनी तो जिन्याच्याच लाइनवर, पण बटणाच्या आधी जोडून घ्यावा. महिन्यातून एकदा तो एमसीबी बंद करून दिवा लागतो का, तेही पाहावं.