गळालेल्या सफरचंदाचे मोल

इंग्लंडच्या पश्चिमेकडील हेरफर्डशायर व सॉमरसेट या परगण्यांतील जुन्या बागांत शरद ऋतूत सफरचंदांचा सडा पडतो. अनेक ठिकाणी ती वेचण्याची मजुरीही विक्रीतून सुटत नाही. म्हणून फळ झाडाखालीच कुजते.

वस्तुतः या फळांपासून सायडर करण्यास मोठे भांडवल लागत नाही. फळे कुटून, दाबून रस काढावयाचा व तो हिवाळाभर आंबू द्यावयाचा. उरलेला चोथा गुरांना चालतो. उंच खोडांच्या या झाडांखाली मेंढ्या चरतात, जुन्या ढोलींत पक्षी व कीटक नांदतात. बाग टिकली तर हे सारे टिकते.

परंतु सायडरचा इतिहास निष्पाप नाही. शेतमजुरांच्या मजुरीचा काही भाग पूर्वी तेथे सायडरच्या रूपाने दिला जाई. १८८७ च्या कायद्याने ती प्रथा निषिद्ध ठरविली. आज प्रश्नाचे रूप बदलले आहे. ब्रिटनमध्ये २०१० पासून सायडरमध्ये किमान ३५ टक्के फळरस असला की कायद्याचे समाधान होते. उरलेला भाग पाणी व साखरपाक यांनी भरता येतो. कारखान्याला रस जितका कमी लागेल, तितकी बागाइतदाराची सौदाशक्ती क्षीण होते.

तेव्हा केवळ निसर्गप्रेमाने या बागा वाचणार नाहीत. रसाच्या प्रमाणाची अट वाढली पाहिजे, रस काढण्याची यंत्रे सामायिक मालकीची झाली पाहिजेत आणि वाकून फळ वेचणाऱ्याला न्याय्य मजुरी मिळाली पाहिजे. हा हिशेब जुळला, तरच जुन्या झाडाशेजारी कोणी नवे रोप लावील.