मित्राच्या शब्दावर मिळालेला रुपया

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनी, मुंबई मॅरेथॉनमध्ये धावून ‘रुग्ण साहाय्य निधी’साठी देणग्या मिळविणाऱ्या मित्रमंडळाच्या सत्कारप्रसंगी प्रशासकीय अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आजच्या प्रसंगी धावण्याविषयी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा अध्यक्ष महोदयांनी मला केली, तेव्हा मी मनातून संकोचलो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. जमा आणि खर्च या दोन रकान्यांत माझे आयुष्य गेले. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, तशी माझी धाव लेखा विभागापासून विश्वस्तांच्या दालनापर्यंत. तेव्हा धावण्याविषयी बोलण्याचा अधिकार मला नाही. मात्र धावून आणलेल्या पैशाविषयी बोलण्याचा थोडा अधिकार मला आहे, असे मी नम्रपणे मानतो.

ज्यांच्या सत्कारासाठी आपण जमलो आहोत ते हे सहाही धावपटू एकाच आळीत वाढलेले बालमित्र. आज कोणी बँकेत आहे, कोणी शिक्षक आहे, कोणाचे दुकान आहे. त्यांपैकी एकाचे वडील आपल्या डायलिसिस विभागात नियमित उपचार घेत असत. त्यांना आणता-नेताना शेजारच्या खाटांवरील कुटुंबांची ओढाताण या मुलाने पाहिली आणि मित्रांपुढे विषय काढला. त्यातून मुंबईची २१.०९७ किलोमीटरची अर्धमॅरेथॉन धावण्याचा आणि त्यानिमित्ताने निधी उभारण्याचा संकल्प झाला.

पहिल्या वर्षी हे सहा जण माझ्या कार्यालयात आले, तेव्हा मी त्यांचे फारसे उत्साहाने स्वागत केले नाही, हे मला आज जाहीरपणे कबूल केले पाहिजे. मी विचारले, “तुम्ही धावलात म्हणून लोक पैसे का देतील? ज्यांना द्यायचे आहेत ते तसेही देतील.” त्यावर त्यांच्यातील शिक्षक मित्र म्हणाले, “साहेब, नुसते मागायला गेलो तर लोक ‘नंतर बघू’ म्हणतात. पण मी चार महिने पहाटे पाचला उठून धावतो आहे असे सांगितले, की त्यांना ‘नंतर’ म्हणणे जड जाते.” या उत्तरातील व्यवहार माझ्या ध्यानात यायला मला पुढे बराच काळ लागला.

ही कल्पना जगाला नवी नाही. ख्रिस ब्रॅशर आणि जॉन डिस्ली हे ब्रिटनचे दोन धावपटू मित्र. ब्रॅशर यांनी १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळविले, तर डिस्ली यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्याच शर्यतीत कांस्यपदक. १९७९ मध्ये हे दोघे न्यूयॉर्कची मॅरेथॉन धावले, आणि मार्च १९८१ मध्ये त्यांनी लंडन मॅरेथॉन सुरू केली. आज तेथे धावणाऱ्यांपैकी मोठा वर्ग कोणत्या ना कोणत्या धर्मादाय कार्यासाठी धावतो. आपल्याकडे मुंबई मॅरेथॉन २००४ च्या फेब्रुवारीत प्रथम झाली. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपाशी जमणाऱ्या त्या जनसागरात विक्रमासाठी धावणारे मूठभर असतात. शाळेसाठी, अंधांसाठी, रुग्णांसाठी धावणाऱ्यांची संख्या मात्र दरवर्षी मोठी असते.

परंतु या विषयातले जे उदाहरण रुग्णालयात काम करणाऱ्या माणसाने विसरू नये, ते कॅनडातील टेरी फॉक्स यांचे. १९७७ मध्ये, वयाच्या १८ व्या वर्षी, हाडाच्या कर्करोगामुळे त्यांचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. रुग्णालयात आपल्यापेक्षा लहान मुलांचे हाल त्यांनी पाहिले. संशोधनामुळे आपली जगण्याची शक्यता दोन-तीन वर्षांपूर्वीच्या रुग्णापेक्षा कितीतरी वाढली आहे, हेही त्यांना डॉक्टरांकडून समजले. तेव्हा कर्करोग संशोधनासाठी कृत्रिम पायाने संपूर्ण कॅनडा धावत ओलांडण्याचा त्यांनी निश्चय केला.

आणि येथे मला माझ्याच जातीची माणसे भेटतात. टेरी यांनी कॅनेडियन कॅन्सर सोसायटीकडे साहाय्य मागितले, तेव्हा संस्थेला प्रथम शंकाच वाटली. त्यांनी आधी प्रायोजक मिळवावेत आणि हृदयरोगतज्ज्ञाचे प्रमाणपत्र आणावे, असे त्यांना सांगण्यात आले. त्या अधिकाऱ्यांना मी दोष देणार नाही. संस्था चालविणाऱ्याने शंका घेतलीच पाहिजे. शंका घेऊन झाल्यावर दार उघडले पाहिजे, एवढेच.

१२ एप्रिल १९८० रोजी न्यूफाउंडलंडमधील सेंट जॉन्स येथे अटलांटिक महासागराच्या पाण्यात पाय बुडवून टेरी निघाले. सोबत होता शाळेपासूनचा मित्र डग अल्वर्ड. तो गाडी चालवी आणि स्वयंपाक करी. टेरी रोज जवळजवळ एका पूर्ण मॅरेथॉनइतके, म्हणजे सुमारे ४२ किलोमीटर धावत. वारा, थंडी, पायाच्या जखमा आणि थकवा यांमुळे दोघा जिवलग मित्रांत इतके खटके उडाले, की नोव्हा स्कॉशियात पोहोचेपर्यंत बोलणे जवळजवळ बंद झाले होते. मग टेरी यांचा १७ वर्षांचा धाकटा भाऊ डॅरेल मध्यस्थ म्हणून येऊन मिळाला. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. चांगल्या कार्यातही मित्र भांडतात, तरीही डगने गाडी सोडली नाही.

वाटेत सुमारे १०,००० वस्तीच्या पोर्ट ओ बास्क या गावाने १०,००० डॉलरहून अधिक रक्कम टेरी यांच्या हाती दिली, म्हणजे माणशी एक डॉलर. पुढे प्रत्येक कॅनेडियन नागरिकामागे एक डॉलर हेच त्यांचे उद्दिष्ट झाले. १ सप्टेंबर १९८० रोजी, १४३ दिवस आणि ५,३७३ किलोमीटर धावल्यानंतर, थंडर बे शहराजवळ त्यांना थांबावे लागले. कर्करोग फुप्फुसांत पसरला होता. पॅसिफिक महासागर त्यांना दिसला नाही. परंतु फेब्रुवारी १९८१ पर्यंत निधी २ कोटी ४० लाख डॉलरच्या पुढे गेला, आणि कॅनडाची लोकसंख्याही तेव्हा तेवढीच होती. २८ जून १९८१ रोजी, तेविसावा वाढदिवस महिन्यावर असताना, त्यांचे निधन झाले. आपल्या धावण्यातून कोणी नफा मिळवू नये, असा त्यांचा आग्रह होता आणि स्वतःच्या नावाचा जाहिरातीसाठी वापर करू देण्यास त्यांनी नकार दिला. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांच्या नावाने पहिली दौड झाली. ती परंपरा अनेक देशांत चालू आहे.

मंडळी, आता आपल्या हिशेबाच्या वहीकडे वळू. महाराष्ट्रात २००६ पासून लागू असलेल्या योजनेप्रमाणे धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवायच्या असतात. त्यासाठी देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. हे आपले कर्तव्य आहे आणि ते आपण पार पाडतोच. परंतु अनेक कुटुंबे अशी येतात, की कागदावर ती निर्धन ठरत नाहीत आणि प्रत्यक्षात दुसऱ्या महिन्यातच त्यांची शिल्लक संपलेली असते. शिवाय गावाहून येण्याजाण्याचे भाडे, बुडालेली मजुरी आणि सोबत आलेल्या माणसाचे जेवण कोणत्याही देयकात दिसत नाही.

आठवड्यातून दोनदा डायलिसिस घेणारा रुग्ण वर्षातून १०४ वेळा आपल्या दारी येतो. प्रत्येक वेळी सुमारे चार तास यंत्राला जोडलेला असतो. वर्षाचे ४१६ तास झाले. अर्धमॅरेथॉन दोन-तीन तासांत संपते आणि शेवटी गळ्यात पदक पडते. या रुग्णाच्या शर्यतीला शेवटची रेषा नसते, आणि त्याच्या पत्नीला कोणी पदक देत नाही. आपल्या मित्रमंडळाच्या निधीतून अशाच कुटुंबांच्या डायलिसिसचा व प्रवासाचा काही भार उचलला जातो. मदत मिळालेल्या कुटुंबांची नावे आपण प्रसिद्ध करीत नाही. आजारी माणसाने आभाराचे ओझे वाहू नये, अशी विश्वस्तांची भूमिका आहे.

आता एक कटू आठवण. पहिल्या वर्षी या मित्रांनी यादी आणि रक्कम वेळेवर आणून दिली. कामाच्या रेट्यात माझ्या विभागाकडून पावत्या पाठविण्यास तीन महिने उशीर झाला. एक निवृत्त शिक्षिका रुग्णालयात आल्या. त्यांनी १०१ रुपये दिले होते. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “पैसे पोहोचले असतील तर ठीक. मी त्या मुलाला विचारले, तर तो बिचारा खाली मान घालून उभा राहिला.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. १०१ रुपयांची पावती आम्ही दिली नव्हती, आणि मान खाली घालावी लागली ती पहाटे उठून धावणाऱ्या मुलाला. त्या बाईंनी रुग्णालयाचा ताळेबंद पाहून पैसे दिले नव्हते. आपल्या माजी विद्यार्थ्याच्या शब्दावर दिले होते. कर्ज घेताना जसा जामीनदार उभा राहतो, तसे हे सहा मित्र आपल्यासाठी समाजापुढे जामीन राहिले आहेत. आपण चुकलो तर त्यांची पत बुडते. शिक्षक मित्रांच्या त्या पहिल्या उत्तराचा अर्थ मला तेव्हा कळला.

त्यानंतर विश्वस्त मंडळाच्या संमतीने आम्ही तीन नियम केले. पहिला, या निमित्ताने आलेली प्रत्येक देणगी निर्दिष्ट निधीत स्वतंत्र दाखवायची आणि रक्कम कितीही लहान असली तरी पावती १५ दिवसांत पाठवायची. दुसरा, स्पर्धेचे प्रवेशशुल्क, प्रवास, बूट यांपैकी एक पैसाही या निधीतून खर्च करायचा नाही. हा खर्च मित्रांनी पहिल्यापासून स्वतःच केला आहे. तिसरा, वर्षाअखेर खर्चाचा तपशील प्रत्येक देणगीदारास कळवायचा.

चौथी सूचना आपल्या वैद्यकीय अधीक्षकांची आहे. धावणाऱ्या प्रत्येकाने आधी तपासणी करून घ्यावी, सराव टप्प्याटप्प्याने वाढवावा आणि छातीत दुखले अथवा चक्कर आली तर ताबडतोब थांबावे. निधीच्या आकड्यासाठी कोणी जीव धोक्यात घालू नये. आपल्याला या मंडळींची गरज धावपटू म्हणून आहे, रुग्ण म्हणून नव्हे!

उपस्थितांना माझी एक विनंती आहे. सर्वांनी धावलेच पाहिजे असे नाही. डग अल्वर्ड गाडी चालवीत होता. कोणी आठवड्यातून एकदा एखाद्या रुग्णाला घरून आणून पोहोचवावे, कोणी दरमहा शंभर रुपयांचा संकल्प करावा. जानेवारीतील मोठ्या देणगीइतकाच आम्हाला जुलैमधल्या छोट्या देणगीचा आधार वाटतो, कारण डायलिसिसचे यंत्र पावसाळ्यातही चालू असते.

मित्रहो, तुम्ही पुढच्या वर्षीही धावणार आहात, असे समजले. तुम्ही लोकांना दिलेला शब्द आमच्या वहीत पै-पैसह पाळला जाईल, एवढे वचन या व्यासपीठावरून देतो. त्या निवृत्त शिक्षिका आज सभागृहात उपस्थित आहेत. यंदाच्या त्यांच्या देणगीची पावती मी स्वतः त्यांच्या हाती देणार आहे.