हवा आधी, रंग नंतर

(छंद-प्रदर्शनाच्या वेळी सभागृहात केलेले भाषण)



कमिटीने सांगितलं, "काका, तुमच्या विमानांबद्दल पाच मिनिटं बोला." विमानांवर सुरू झालो तर जेवण थंड होईल, म्हणून फक्त रंगाबद्दल, म्हणजे एअरब्रशबद्दल बोलतो.

टेबलावरचं चंदेरी विमान म्हणजे नॅट, 1965 च्या युद्धात गाजलेलं. मॉडेल 1:72 प्रमाणातलं, वीतभरही नाही. आपल्या बी विंगमधले आजोबा हवाई दलात खऱ्या नॅटची देखभाल करायचे. आता त्यांची नजर अधू झाली आहे. त्यांच्यासाठी केलेलं पहिलं नॅट मी साध्या ब्रशने रंगवलं. आजोबांनी त्यावर बोट फिरवलं आणि विचारलं, "पत्र्याचे सांधे कुठे गेले रे?" जाड रंगाने बारीक रेघा बुजल्या होत्या. ते मनाला लागलं.

मग एअरब्रश घेतला. सिंगल अ‍ॅक्शनमध्ये ट्रिगर दाबला की हवा आणि रंग एकदम येतात. डबल अ‍ॅक्शनमध्ये दाबल्यावर हवा आणि मागे ओढल्यावर रंग. सुरुवातीला बोट गोंधळतं, तरी डबलच घ्या. रंगाची वाटी वरच्या बाजूला असलेला आणि 0.3 मिमी नोझलचा असावा. थोड्या रंगात काम होतं, धुवायलाही सोपा.

कॉम्प्रेसरमध्ये काटकसर नको. माझा पहिला बिनटाकीचा. हवा धक्के देत यायची, मोटर सतत चालू. खालच्या मजल्यावरच्या वहिनी वर आल्या, तेव्हा टाकीवाला घेतला! टाकी भरली की मोटर आपोआप थांबते. प्रेशर रेग्युलेटर आणि पाणी अडवणारा फिल्टर हवाच, नाहीतर पावसाळ्यात रंगावर पाण्याचे थेंब उडतात.

आता शिकणं. आधी पंधरा दिवस पाण्यात शाई घालून वर्तमानपत्रावर रेघा मारा. नियम एकच: हवा आधी, रंग नंतर, थांबताना रंग आधी बंद, हवा शेवटी. रंग दुधाइतका पातळ, दाब 15 ते 20 पीएसआय, अंतर आठ-दहा सेंटिमीटर. फार जवळ गेलात तर ओघळ, फार लांब गेलात तर खरखर. एका जाड थरापेक्षा तीन-चार पातळ थर बरे. चंदेरी रंगाखाली चकचकीत काळा द्या, धातूची झळाळी येते. खिडकी उघडी आणि तोंडाला मास्क हवा. काम संपलं की लगेच सफाई. सुईचं टोक जपा. माझ्या हातून एकदा पडली, टोक वाकलं आणि फवारा तिरका जायला लागला.

दुसरं नॅट नेलं, तेव्हा आजोबांचं बोट पंखाजवळच्या एका सांध्यावर थांबलं. म्हणाले, "हां, आता उघडता येईल."

मुलांनो, रविवारी सकाळी दहाला माझ्याकडे या. एअरब्रश माझा, वर्तमानपत्रं मात्र घरून आणा!