ढाल शेजाऱ्याची

(मनमाड येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



आपले मनमाड हे जंक्शनचे गाव. इंजिन कितीही दमदार असो, दोन डब्यांमधील जोडणी निखळली की मागची गाडी जागीच राहते, हे येथील लहान मूलही जाणते. रणांगणावरील व्यूहाचे मर्म याहून वेगळे नाही.

प्राचीन ग्रीसमधील पायदळ खांद्याला खांदा लावून, बहुधा आठ रांगांत उभे राही. सैनिकाच्या डाव्या हातातील ढाल अर्धी त्याला स्वतःला आणि अर्धी डावीकडच्या सोबत्याला झाकी. म्हणजे प्रत्येकाचा प्राण शेजाऱ्याच्या ढालीत! मॅसिडोनियाच्या दुसऱ्या फिलिपने या रचनेला सुमारे सोळा ते अठरा फुटी भाले दिले. सोळा रांगांची, २५६ जणांची तुकडी चालून आली की पहिल्या पाच रांगांच्या भाल्यांची टोके पुढे येत. समोरून ही भिंत अभेद्य; मात्र बगल उघडी पडली किंवा मध्ये फट पडली, की तेच लांब भाले ओझे होत. इ.स.पूर्व १६८ मध्ये पिडना येथे उंचसखल जमिनीवर अशा फटी पडल्या आणि आखूड तलवारींचे रोमन सैनिक त्यांतून आत शिरले.

आता आपल्या घरच्या जखमेकडे वळू. १४ जानेवारी १७६१, पानिपत. सदाशिवरावभाऊंनी गोलाची लढाई योजली होती. तोफा व पायदळ यांच्या आश्रयाने, बुणग्यांना सांभाळत, शत्रूची फळी फोडून यमुनेच्या रोखाने सरकायचे. डाव्या अंगाला इब्राहिमखान गारदी, फ्रेंच पद्धतीने तयार झालेल्या आठ-नऊ हजार बंदूकधाऱ्यांसह. त्याच्या माऱ्याने रोहिल्यांची फळी हादरली. गारद्यांच्या लगतच दमाजी गायकवाड आणि विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांचे घोडदळ उभे होते. समोर विजय दिसताच या स्वारांना राहवले नाही. ते दौडत पुढे गेले, बंदुकांच्या माऱ्यात सापडले आणि मागे रेटले गेले. गोलाला खिंडार पडले. गारदी मात्र पुरते खच्ची होईपर्यंत लढले. इब्राहिमखान घायाळ होऊन शत्रूच्या हाती लागला आणि कैदेत मारला गेला. पण त्याने खाल्ल्या मिठाशी इमान सोडले नाही.

येवल्याहून नाशिककडे निघाले की विंचूर लागते. विठ्ठल शिवदेव म्हणजे आपल्या शेजारचेच सरदार. म्हणून त्यांना झाकावे, असे मी म्हणणार नाही. पण सारा दोष त्यांच्या माथी मारणेही न्यायाचे नाही. ज्यांचे उभे आयुष्य गनिमी काव्यात, घोड्याच्या पाठीवर गेले, त्यांना ‘पायदळाच्या चालीने चाला’ असे सांगणे सोपे. ते अंगी बाणवायला सराव लागतो. तो द्यायला वेळ नव्हता. त्यातच सैन्य उपाशी होते.

आणखी एक गोष्ट. खिंडार तर साक्षात अलेक्झांडरच्या व्यूहालाही पडले होते. इ.स.पूर्व ३३१ मध्ये गॉगामेला येथे पायदळातील फटीतून शत्रूचे स्वार थेट सामानापर्यंत पोहोचले. परंतु त्याने मागे दुसरी फळी उभी ठेवली होती; ती वळली आणि संकट निवारले. पानिपतावर अशी राखीव फौज अब्दालीपाशी होती. दुपारनंतर त्याने ती झुंजीत घातली. भाऊंपाशी खिंडार बुजवायला ताजे दम नव्हते. विश्वासराव पडले आणि फौजेचा धीर सुटला.

शौर्यात आपण उणे नव्हतो, हे आपण अभिमानाने सांगतो आणि ते खरेच आहे. मात्र तेवढ्यावर थांबलो तर पानिपताने आपल्याला काहीच शिकवले नाही. पुढे धावणाऱ्याचे पोवाडे होतात. जागा न सोडणाऱ्याचे सहसा होत नाहीत. समाजाचा व्यूह मात्र या दुसऱ्या माणसाच्या बळावरच उभा असतो. आपली ढाल अर्धी शेजाऱ्यासाठी आहे, याचे भान ज्याला आहे, तोच खरा सैनिक.